कांद्याला किरण मारतात, म्हणजे नेमकं काय करतात?

आमच्या मजल्यावरच्या काकूंनी परवा लिफ्टपाशीच गाठलं. हातात भाजीची पिशवी, वर कांदे. "तू इंजिनिअर ना रे? मग सांग, लासलगावला कांद्याला किरण मारतात म्हणे. असला कांदा खावा का?"

"खुशाल खा काकू, काही होत नाही."

"काही होत नाही, तर मग मारतात कशाला?"

बावीस वर्षं सातपूरच्या एमआयडीसीत यंत्रांशी झटापट करतोय, पण इतका बिनतोड प्रश्न मला ऑडिटवाल्यांनीही कधी विचारलेला नाही. लिफ्ट आली, काकू वर गेल्या, मी खालीच. उत्तर सुचलं दोन दिवसांनी, आणि ते लिफ्टमध्ये मावणारं नव्हतं.

पहिला घोटाळा शब्दाचा आहे. मोबाइल टॉवरचं रेडिएशन, मायक्रोवेव्हचं रेडिएशन, एक्स-रेचं रेडिएशन, चेर्नोबिलचं रेडिएशन. चार निराळ्या गोष्टींना एकच नाव पडलं की भीतीही चौघांत सारखी वाटली जाते. मराठीत खरं तर दोन शब्द आहेत. एखाद्या पदार्थाच्या अणूंनी आपणहून किरण सोडणं म्हणजे किरणोत्सर्ग. आणि बाहेरून एखाद्या वस्तूवर किरण पाडणं म्हणजे विकिरण. लासलगावच्या केंद्राबद्दल पेपरात 'विकिरण' असंच छापून येतं. वाचणारा मात्र मनातल्या मनात 'रेडिएशन' वाचतो आणि तिथून थेट हिरोशिमाला पोचतो.

एप्रिलात आपण गच्चीवर कुरडया वाळत घालतो. दिवसभर त्या ऊन खातात. पण संध्याकाळी डब्यात भरल्यावर त्या डब्यात उजेड पडत नाही. उन्हाने कुरडईत बदल केला, पाणी उडवलं, ती कडक झाली. ऊन मात्र तिच्यात साठून राहिलं नाही. विकिरणाचं तसंच आहे. किरण आले, जे करायचं ते करून गेले. कांद्यात मागे राहतो तो त्यांनी दिलेला मार.

आता कोणी म्हणेल, ऊन कुठे आणि कांद्यावर सोडतात ते गॅमा किरण कुठे! बरोबर आहे, फरक प्रचंड आहे. तो नेमका कसला, हे सांगायला द्राक्षबागेसारखं दुसरं उदाहरण नाही.

डिसेंबरात निफाडकडे रात्रभर दव पडतं. अख्ख्या बागेवर पडलेलं दव एकत्र केलं तर टाक्याच्या टाक्या भरतील. पण त्याने एक मणी फुटत नाही. (दवाने भुरी-डावणी या बुरशीच्या रोगांचा ताप होतो, तो वेगळा. बागायतदारांनी लगेच अंगावर येऊ नये.) आणि मार्चमध्ये दहा मिनिटं गारपीट झाली तर बाग झोपते. पाण्याचं वजन दवाचं जास्त भरलं, तरी नुकसान करते ती गारच. कारण एकूण पाणी किती पडलं याला इथे अर्थ नाही. एक थेंब एका मण्यावर किती जोराने आदळला, एवढंच पाहायचं.

प्रकाश, मायक्रोवेव्ह, गॅमा हे सगळं असंच कणाकणाने येतं. एकेका कणाचा जोर इलेक्ट्रॉन व्होल्ट या मापात मोजतात. मायक्रोवेव्ह ओव्हनमधल्या एका कणाचा जोर एका इलेक्ट्रॉन व्होल्टचा साधारण एक लाखावा हिस्सा. मोबाइल टॉवरच्या लहरी त्याच पंगतीतल्या. दिव्याच्या उजेडाचा कण दोन-तीन इलेक्ट्रॉन व्होल्टचा. आणि लासलगावला जो कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू वापरतात, त्याच्या एका गॅमा कणाचा जोर ११.७ लाख किंवा १३.३ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट. रेणूतला इलेक्ट्रॉन उखडून टाकायला दहा-बारा पुरतात. म्हणजे मायक्रोवेव्ह हे दव आणि गॅमा ही गार. मायक्रोवेव्ह कितीही वेळ चालवला तरी तो पदार्थ तापवेल, रेणूतला इलेक्ट्रॉन उडवणार नाही. गॅमाचा एकच कण वाटेत हजारो इलेक्ट्रॉन उडवत जातो.

पण गारा लागलेला द्राक्षाचा घड पुढे कोणावर गारा फेकत नाही. काकूंच्या शंकेचं अर्धं उत्तर इथेच आहे.

इथे थोडं खोलात जातो, कारण 'शास्त्रज्ञ म्हणतात म्हणून' हे मला स्वतःलाच पटत नाही. पदार्थ किरणोत्सर्गी व्हायचा तर त्याच्या अणूच्या गाभ्यात, म्हणजे अणुकेंद्रात, मोडतोड व्हावी लागते. इलेक्ट्रॉन उडणं म्हणजे घराची कौलं उडणं, आणि अणुकेंद्राला धक्का लागणं म्हणजे पाया हलणं. कांद्यात आहे काय? पाणी, साखर, थोडं गंधक, म्हणजे मुख्यतः कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजन, नायट्रोजन. नायट्रोजनच्या केंद्रातून न्यूट्रॉन उखडायला साधारण १०५ लाख इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, ऑक्सिजनला १५७ लाख, कार्बनला १८७ लाख. आपल्याकडे आहेत १३ लाख. आणि इथे जमवाजमव चालत नाही. १३-१३ लाखांचे दहा कण मिळून ती भिंत पाडत नाहीत, एकाच कणात तेवढा दम हवा. कोबाल्टच्या कणात तो नाही. तेव्हा कांदा त्या खोलीत तासभर ठेवा नाहीतर महिनाभर, किरणोत्सर्गी तो होणार नाही.

गंमत म्हणजे कांदा मुळातच किंचित किरणोत्सर्गी असतो. लासलगावचा, मदुराईचा, सगळाच. त्यात पोटॅशियम असतं आणि निसर्गातल्या पोटॅशियमचा एक बारीकसा हिस्सा किरणोत्सर्गी आहे. किलोभर कांद्यात दर सेकंदाला चाळीसेक अणू आपोआप फुटत असतात. माणसाच्या अंगात चार हजारांच्या आसपास. काकूंना हे मी सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

आता उरलेलं अर्धं. काही होत नाही, तर मारतात कशाला? म्हणजे काहीतरी होतंच. ते खाणाऱ्याला होत नाही, कांद्याला होतं.

किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एका किलोमागे एक ज्यूल ऊर्जा म्हणजे एक ग्रे. कोंब थांबवायला कांद्याला साधारण ६० ते ९० ग्रे देतात. साठ ग्रेने कांदा किती तापतो याचा मी हिशोब मांडला. एका अंशाचा साठावा भाग! मुठीत धरलात तरी याहून जास्त तापेल. पण हीच मात्रा ऐकून डॉक्टर खुर्चीतून उठेल, कारण माणसाच्या अख्ख्या शरीराला एकदम चार-पाच ग्रे बसले आणि उपचार मिळाले नाहीत, तर जगण्याची शक्यता निम्मीच. ते चार-पाच ग्रे म्हणजे किती ऊर्जा? अर्धा चमचा गरम चहा पोटात गेल्यावर जेवढी ऊब मिळते, तेवढी. मी हे कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्राध्यापकांचं दशांश चिन्ह चुकलं असावं असं वाटलं होतं.

अर्धा चमचा चहाएवढ्या ऊर्जेने माणूस मरतो आणि साठ ग्रेने कांद्याची चवही बदलत नाही, हे दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल?

आमच्या शॉप फ्लोअरवर या. एका यंत्राशेजारी हजार नट-बोल्ट पडलेत, पत्रे आहेत, वंगण आहे, अर्धवट झालेले जॉब आहेत. कोणीतरी येऊन आंधळेपणाने शंभर ठिकाणी हातोडा घातला, तर दहा-वीस बोल्ट वाकतील. बाकीचे नऊशे ऐंशी चांगले आहेत, काम अडत नाही. पण त्यातला एक घाव टेबलावरच्या मूळ ड्रॉइंगवर बसला आणि त्याच्या चिंध्या झाल्या, तर? ड्रॉइंगच्या प्रती दोनच आहेत. चालू जॉब कसाबसा पूर्ण होईल, नवा सुरू करता येणार नाही.

पेशीत साखरेचे, पाण्याचे, प्रथिनांचे रेणू कोट्यवधींनी असतात. त्यातले थोडे मोडले तर कोणाला पत्ता लागत नाही. डीएनए हे मूळ ड्रॉइंग, आणि त्याच्या प्रती मोजक्या. गॅमा किरण काही ठिकाणी डीएनएला थेट तोडतात, पण बरंचसं काम आडून होतं. ते आधी पाण्याचे रेणू फोडतात आणि त्यातून निघालेले अतिशय चिडके तुकडे शेजारच्या डीएनएवर जाऊन आदळतात. त्यात कांद्याचं दुर्दैव असं की त्याच्या पेशीतला डीएनए माणसाच्या पेशीतल्या डीएनएच्या जवळपास पाचपट लांब आहे. (का, ते विचारू नका. कांद्याला आपल्यापेक्षा पाचपट अक्कल आहे असा अर्थ मात्र निघत नाही.) निशाण मोठं, त्यामुळे नेम चुकायची शक्यता कमी.

शिवाय ड्रॉइंग लागतं कोणाला? नवीन काम करणाऱ्यालाच. कांदा आडवा नाही, उभा चिरा. खाली मुळांपाशी टणक चकती दिसेल, ते खरं खोड. वर एकात एक बसलेल्या पाकळ्या, ती अन्न साठवणारी पानं. आणि अगदी मध्यात, चकतीला टेकून, तांदळाच्या दाण्याएवढा कोवळा कोंब. पाकळ्यांच्या पेशी आता विभागत नाहीत, त्या नुसत्या भरलेल्या कोठ्या. विभागायचं काम त्या एका दाण्यात चालणार असतं. साठ ग्रेने पाकळीचं काही अडत नाही, कोंबाचं मात्र सगळं अडतं. कोंब पुढे सुकतो आणि मध्यभागी तपकिरी ठिपका उरतो. विकिरण केलेल्या कांद्याची घरी पटण्यासारखी खूण हीच. चव, तिखटपणा, डोळ्यांतून पाणी काढायचं कसब, सगळं शाबूत. साठ ग्रेने आपलं रडणं काही वाचत नाही.

मात्र वेळ साधावी लागते. कांदा काढला, माना वाळल्या, की तो काही आठवडे झोपेत असतो. त्या झोपेत किरण दिले तर कोंब दाण्याएवढा असतानाच थांबतो. उशीर झाला, कोंब आत वाढायला लागला, की मग मध्यभागी काळपट बोटभर दांडी निघते आणि गिऱ्हाईक म्हणतं कांदा किडका आहे.

आता ते केंद्र. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगावला ते २००२ साली सुरू केलं. कृषी उत्पादन संरक्षण केंद्र असं नाव, आद्याक्षरं जुळवून 'कृषक'. नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी. अशा केंद्रांत कोबाल्ट-६० पेन्सिलीएवढ्या पोलादी नळ्यांत दुहेरी बंद केलेला असतो. कांद्याला स्पर्श होतो तो किरणांचा, कोबाल्टचा कणही कांद्याला लागत नाही. एक्स-रे काढताना यंत्र आपल्या अंगाला चिकटत नाही, तसंच. माल पेट्यांत भरून साखळीवरून दीड-दोन मीटर जाड काँक्रीटच्या खोलीत फिरतो आणि दुसरीकडून बाहेर पडतो.

मला यातला आवडणारा भाग म्हणजे या यंत्राला बंद करायचं बटण नाही. कोबाल्ट दिवाळीच्या सुट्टीतही किरण सोडतच राहतो. मग माणसाला आत जायचं तर काय करतात? अशा केंद्रांत साधारणपणे खोलीखाली सहा मीटर खोल पाण्याचा हौद असतो, नळ्या त्यात बुडवतात. पाण्याच्या दर ११ सेंटिमीटरला हे किरण निम्मे होतात. सहा मीटरमध्ये पन्नासहून जास्त वेळा निम्मे. बुद्धिबळाच्या पटावर तांदूळ दुप्पट करत गेलेल्या गोष्टीतला राजा इथे उलट्या बाजूने दिवाळखोर होतो. काठावर उभं राहून खाली पाहिलं तर निळसर उजेड दिसतो. पाण्यात प्रकाशाचा वेग मंदावतो आणि किरणांनी उडवलेले इलेक्ट्रॉन त्या मंदावलेल्या प्रकाशाच्याही पुढे पळतात, त्याची ती निळाई.

आणखी एक, फक्त देखभालवाल्यांना कळेल असं दुखणं. कोबाल्ट-६० दर ५.२७ वर्षांनी निम्मा होतो, म्हणजे महिन्याला एका टक्क्याहून किंचित जास्त अशक्त होत जातो. तेव्हा तीच मात्रा द्यायची तर साखळीचा वेग हळूहळू कमी करत न्यावा लागतो. आणि पेटीच्या कडेच्या कांद्याला जास्त, मधल्याला कमी, असं होऊ नये म्हणून पेटी दोन्ही बाजूंनी फिरवावी लागते. तळणाऱ्याला भजी उलटावी लागतातच.

कांद्यासाठी बांधलेल्या या केंद्राचं नाव गाजलं मात्र आंब्याने. २००७ साली हापूस अमेरिकेला पुन्हा जाऊ लागला, तो लासलगावला येऊन. कोकणातून निघालेला आंबा घाट चढून आमच्याकडे येतो, ४०० ग्रे खातो आणि मग मुंबईला विमान गाठतो. अमेरिकेला भीती कोयीतल्या भुंग्याची आणि फळमाशीची. एवढ्या मात्रेत किडा जागच्या जागी मरतोच असं नाही, पण त्याचा वंश वाढत नाही. म्हणजे पुन्हा तेच, ड्रॉइंगच्या चिंध्या. डिस्पोजेबल सिरिंज, टाके घालायचा दोरा, ऑपरेशनचे हातमोजे यांतला मोठा भाग तर २५,००० ग्रेने निर्जंतुक होतो, आणि ट्रॉम्बेला हे काम १९७४ पासून चालू आहे. ती सुई आपण दंडात टोचून घेतो आणि कांद्याला घाबरतो. १९८० साली जागतिक आरोग्य संघटना, अन्न व कृषी संघटना आणि आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने १०,००० ग्रेपर्यंतचं अन्न खायला सुरक्षित ठरवलं. आपल्याकडे कांदा, बटाटा आणि मसाल्यांना १९९४ पासून परवानगी आहे.

इथपर्यंतचं सगळं मी मोठ्या उत्साहाने निफाड तालुक्यातल्या मामांना ऐकवलं. मनात सरळ होतं की एवढं स्वस्त आणि मस्त तंत्र दारात असताना हे लोक वापरत नाहीत म्हणजे अडाणीपणा, दुसरं काय. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला चाळीत नेलं. चाळ म्हणजे जमिनीपासून फूट-दीड फूट उचललेला जाळीचा तळ, दोन्ही बाजूंनी फटी, चार-पाच फूट रुंद ढीग, वर पत्रा. ऑगस्टचा महिना, आत तो ओलसर, उग्र वास.

"आता सांग," मामा म्हणाले, "यातला कांदा वाया कशाने जातो?"

मी म्हटलं, कोंबाने. मामा हसले. त्यांनी खालून एक कांदा काढला, हलका, सुरकुतलेला. "हा एप्रिलात पाव किलोचा होता. पाणी उडालं. घट." दुसरा काढला, मानेपाशी दाबला, बोट आत गेलं. "ही सड. एक सडला की शेजारचे चार नेतो." तिसऱ्याच्या टरफलाखाली काजळी. "आता कोंबाचा दाखव." आम्ही पाच मिनिटं शोधला, सापडला नाही.

नंतर वाचल्यावर कळलं की मामा शास्त्रशुद्ध बोलत होते. कांद्याला कोंब फुटायला थंडावा लागतो, साधारण १० ते २० अंश. चाळीत उन्हाळ्या-पावसाळ्यात २५-३० अंश असतात, त्यात कोंब दबून राहतो. तो जोर धरतो पाऊस सरल्यावर, हवा थंडावली की. तोवर मामांचा कांदा विकून झालेला असतो. विकिरण फक्त कोंबावर चालतं. घटीवर त्याचा उपाय नाही, कारण पाणी उडणं थांबवायला डीएनए तोडून काय उपयोग? सडीवरही नाही. बुरशी आणि जिवाणू मारायचे तर हजारो ग्रे लागतील आणि तेवढ्यात कांद्याचीच वाट लागेल. उलट केंद्रापर्यंत न्यायचं म्हणजे ट्रॅक्टर, हमाली, दोनदा भरणं-उतरणं, आणि आपटलेला कांदा आधी सडतो. त्यात सगळ्यांचा कांदा एकाच दोन महिन्यांत निघतो आणि किरणही त्याच काळात द्यायचे.

मी रोज कंपनीत पोरांना सांगतो, आधी बिघाड कुठला ते ओळखा, मग पाना उचला. आणि स्वतः पाना घेऊन मामांच्या दारात गेलो होतो.

मग हे तंत्र कोणाच्या कामाचं? माझ्या मते शीतगृहवाल्याच्या. शून्य-दोन अंशांत कांद्याची घटही बरीच कमी होते आणि सडही. पण तिथून बाहेर काढला की ऊब लागताच तो झोपेतून दचकून उठल्यासारखा कोंब फेकतो, आठवडाभरात. किरण दिलेला कांदा शीतगृहातून काढला तरी गप्प राहतो. एप्रिलचा कांदा नोव्हेंबरात, भाव पेटलेले असताना, बाजारात आणायचा तर ही जोडी लागते. म्हणजे ज्याच्याकडे शीतगृहाचं भाडं आणि सहा महिने थांबायची ऐपत आहे, त्याला. सरकारी राखीव साठा, मोठा व्यापारी, निर्यातदार. दोनशे क्विंटलवाले मामा नाहीत.

हे सगळं पाठ करून मी रविवारी काकूंकडे गेलो. कुरडया, गारा, ड्रॉइंग, सगळं क्रमाने सांगितलं. काकूंनी मान डोलावली. मग गॅलरीत नेऊन एक जुनी बादली दाखवली. टोपलीतले कोंब फुटलेले कांदे त्यांनी मातीत खोचले होते आणि वीतभर हिरवीगार पात आली होती. कात्रीने मूठभर कापून त्यांनी माझ्या हातात दिली, "झुणका कर म्हणावं."

"किरण मारलेल्या कांद्याला ही अशी पात येते का रे?"

"नाही येत, काकू."

"बघ," असं म्हणून त्या आत चहा टाकायला गेल्या.